ताकद बाबाच्या हातात नसते : गोव्याच्या आबे फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने दिवसरात्र चालतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे अब्बा तिथल्या मागांवर असतात आणि अम्मी टॉवेलला शिलाई मारणं, घड्या घालणं, पॅकिंग करणं अशी कामं करतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची अम्मी शाळेत आली. नवरा अचानक गेला होता. त्यानंतर तिला झटके यायला लागले. मशीनवर बसल्या बसल्या अंग ताठ व्हायचं, डोळे मिटायचे, आवाज बदलायचा. शेजारच्या बायका म्हणाल्या की असर झालाय, हिला हाजरी येते. एका आमिलाकडे नेलं. त्याने हात वर केला की ती पडायची, त्याने सांगितलं की उठायची. लोकांना वाटलं, केवढी ताकद आहे याच्या हातात! तीन महिन्यांत तिचा पगार, भिशीचे पैसे आणि कानातलं, सगळं तिकडे गेलं. मुलाची फी राहिली, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

त्या दिवशी मला एका माणसाची फार आठवण झाली. तो आपल्या शेजारच्या गोव्याचा. हात वर केल्यावर माणसं कशी पडतात हे त्याने पॅरिसमध्ये शेकडो लोकांसमोर करून दाखवलं, आणि मग स्वतःच जाहीर करून टाकलं की माझ्या हातात काहीही ताकद नाही. हे खरं बोलण्याची किंमतही त्याने मोजली. त्याचं नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखतं.

आदिलशाहाच्या वाड्याशेजारचा पुतळा

पणजीला गेलेल्यांनी मांडवी नदीकाठचा आदिलशाहाचा वाडा पाहिला असेल. आपल्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या यूसुफ आदिलशाहाने तो बांधला. पुढे पोर्तुगीजांनी तो घेतला आणि नंतर तिथे सचिवालय आलं. या वाड्याला लागूनच काशाचा एक पुतळा आहे. लांब झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कोसळते आहे. शाळेची सहल नेली की मुलं विचारतात, सर, हा जादूगार आहे का? शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. पुतळ्यात जी ताकद हातातून निघाल्यासारखी दिसते, ती नसतेच, हे सांगण्यात या माणसाची शेवटची वर्षं गेली. म्हणून त्यांची गोष्ट नीट कळायला हवी.

फारियांचा जन्म १७५६ साली बार्देश तालुक्यातल्या कांदोळी गावात, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो द फारिया हे कोलवाळचे. घराणं ख्रिस्ती झालेल्या सारस्वत ब्राह्मणांचं. आईवडिलांचं जमलं नाही. चर्चच्या परवानगीने दोघे वेगळे झाले, वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातल्या मठात जोगीण झाली. पोरगा वडिलांकडे राहिला. १७७१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बापलेक जहाजात बसून लिस्बनला निघाले. प्रवासाला नऊ महिने लागले.

लिस्बनहून मुलाला रोमला शिकायला पाठवलं. तिथे १७८० साली ते पाद्री झाले आणि धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पोप सहावे पायस यांच्यासमोर, सिस्टिन चॅपेलमध्ये प्रवचन देण्याचा मान त्यांना मिळाला. कांदोळीचा सावळा पोरगा तिथपर्यंत पोचला होता.

एका वाक्याने गेलेली भीती

लिस्बनला परतल्यावरचा एक प्रसंग गोव्यात घरोघर सांगतात. राणीच्या चॅपेलमध्ये फारियांचं प्रवचन होतं. समोर राणी आणि सगळा दरबार. तरुण फारिया व्यासपीठावर चढले आणि त्यांची बोबडी वळली. तोंडातून शब्द फुटेना. वडील जवळच बसले होते. त्यांनी हळूच कोकणीत सांगितलं की ही समोर बसलेली सगळी भाजी आहे, काप ती भाजी. त्या सभेत कोकणी या दोघांशिवाय कुणाला कळणार? क्षणात भीती गेली आणि फारिया अस्खलित बोलले.

ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली आहे, त्यामुळे तिचा शब्द न्‌ शब्द खरा धरायची गरज नाही. पण तिच्यातला प्रश्न खरा आहे. समोरचे लोक तेच होते, राणीही तीच होती. मग बदललं काय? बदललं ते लक्ष. मन लोकांच्या नजरेवर खिळलं होतं तोवर भीती होती. एका वाक्याने ते दुसरीकडे वळलं आणि भीती सुटली. वर्गात पहिल्यांदा भाषणाला उभं राहिलेल्या मुलाचे पाय लटपटताना मी दरवर्षी बघतो. पाठीवर हात ठेवून त्याच्या कानात आपल्या बोलीतला एखादा शब्द सांगितला की तो बोलायला लागतो. लक्ष आणि भावना यांची अशी बांधलेली जोडी असते. फारियांनी पुढे आयुष्यभर ज्याचा शोध घेतला, तो याच जोडीचा.

बंड, क्रांती आणि मास्तरकी

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध कट उघडकीला आला. त्याला पिंटोंचं बंड म्हणतात. गोव्याच्या पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, पोर्तुगालहून आलेल्या गोऱ्यांना मिळत होत्या, ही त्यातली मोठी तक्रार. कटातल्या १५ जणांना फाशी दिली गेली. लिस्बनमधल्या या बापलेकांवरही संशय आला. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीत तेही उतरले आणि १७९५ साली सरकारविरुद्धच्या उठावात त्यांनी एका तुकडीचं नेतृत्व केलं.

वादळ शमलं तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे गेले होते. १८११ साली मार्सेय शहरातल्या सरकारी शाळेत ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तिथल्या वैद्यक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. नंतर नीम शहरात बदली झाली, तीही खालच्या पदावर. १८१३ साली नोकरी सोडून ते पॅरिसला परतले आणि त्यांनी स्वतःचे वर्ग सुरू केले. वय होतं ५७. आपल्याकडे या वयात माणसाला निवृत्तीचे वेध लागतात. फारियांचं खरं काम तेव्हा सुरू झालं.

त्या काळात लोक काय मानत होते

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरने पॅरिसमध्ये खळबळ उडवली होती. त्याचं म्हणणं असं की सगळ्या जगात एक अदृश्य चुंबकी द्रव भरलेला आहे. तो शरीरात अडला की आजार होतो आणि आपण आपल्या हाताने, लोखंडी कांबींनी तो मोकळा करतो. एका मोठ्या पिंपाभोवती रोगी बसायचे, कांबी धरायचे आणि थोड्या वेळाने थरथरायला लागायचे, किंचाळायचे, पडायचे. काहींना खरंच बरं वाटायचं.

१७८४ साली फ्रान्सच्या राजाने याची चौकशी लावली. समितीत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्होआझिये होते. त्यांनी साधी युक्ती केली. रोग्यांचे डोळे बांधले. चुंबकत्व दिलेलं नसताना दिलंय असं सांगितलं, तर रोगी थरथरले. गुपचूप दिलं, तर काहीच झालं नाही. निष्कर्ष असा की द्रव वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम आहे. समितीने फाइल बंद केली. पण कल्पनेने माणूस थरथरतो तरी कसा, हा प्रश्न तसाच राहिला. तो फारियांनी उचलला.

फारियांनी काय दाखवलं

त्यांच्या वर्गात पिंप नव्हतं, कांबी नव्हत्या, अंगावरून हात फिरवणं नव्हतं. समोरच्याला खुर्चीत आरामात बसवायचे. डोळे मिटून, मन एका जागी आणून झोपेचा विचार करायला सांगायचे. मग एकदम मोठ्या आवाजात झोपायची आज्ञा द्यायचे. काहींना ते आपल्या उघड्या पंजाकडे टक लावून बघायला लावत आणि पंजा हळूहळू डोळ्यांजवळ नेत. काही माणसं एका वेगळ्या झोपेत जायची. त्या झोपेत ती ऐकायची, बोलायची, सांगितलेलं करायची. साधं पाणी पिऊन त्यांना दुसऱ्याच पेयाची चव लागायची. आपण आज याला संमोहन म्हणतो. फारियांनी त्याला सजग झोप असं नाव दिलं.

इथपर्यंत दुसरा कुणी असता तर त्याने गादी मांडली असती, मुरीद जमवले असते. फारियांनी उलटं केलं. ते लोकांना सांगत राहिले की माझ्यात कसलीही शक्ती नाही, माझ्या हातातून काही वाहत नाही आणि हे सैतानाचं कामही नाही. जे होतं ते झोपणाऱ्याच्या आत होतं. तो आपलं लक्ष एकवटतो, माझ्या शब्दावर भरवसा ठेवतो आणि त्याचं स्वतःचं मन हे घडवतं. म्हणून त्यांनी चुंबक हा शब्दच टाकून दिला. झोपवणाऱ्याला ते लक्ष एकवटवणारा आणि झोपणाऱ्याला लक्ष एकवटलेला म्हणू लागले. पुरावाही त्यांनी समोर ठेवला. तीच आज्ञा, तोच आवाज, तोच हात, पण काही जण लगेच झोपतात आणि काही जण कितीही केलं तरी झोपत नाहीत. ताकद माझ्यात असती तर सगळ्यांवर सारखी चालली असती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी पाच हजारांहून जास्त लोकांवर हे करून पाहिलं होतं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. काही लोकांनाच अशी झोप का लागते, याचं कारण त्यांनी पातळ रक्तात शोधलं. ते पुढे टिकलं नाही. पण मूळ गोष्ट टिकली.

खरं बोलण्याची किंमत

या माणसाला सगळीकडून मार बसला. चुंबकी द्रव मानणारे चिडले, कारण त्यांचा द्रवच त्याने नाकारला. चर्चमधले लोक म्हणाले, हे सैतानी काम आहे. विज्ञानवाले म्हणाले, हा भोंदू आहे. वर्तमानपत्रांनी टर उडवली. एक नट वर्गात आला, झोपेचं सोंग घेतलं आणि भर सभेत डोळे उघडून फारियांचं हसं केलं. १८१६ साली तर त्यांच्यावर विनोदी नाटक रंगभूमीवर आलं आणि सगळं पॅरिस हसलं. वर्ग बंद पडले.

शेवटी एका मठात प्रार्थना चालवायचं काम करून ते पोट भरत होते. त्या दिवसांत त्यांनी सजग झोपेच्या कारणांवर पुस्तक लिहिलं. चार भाग लिहायचं ठरलं होतं, पहिला भाग १८१९ मध्ये निघाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. पॅरिसमध्ये त्यांना पुरलं ती जागा आज कुणाला दाखवता येत नाही.

नाव राहिलं, तेही भलत्याच रूपात. अलेक्झांडर ड्यूमा यांच्या काउंट ऑफ माँटे क्रिस्टो या कादंबरीत आबे फारिया नावाचा म्हातारा कैदी आहे. तो तरुण नायकाला भाषा शिकवतो, विद्या देतो, खजिन्याचा पत्ता सांगतो आणि कैदेतच मरतो. लहानपणी ही गोष्ट वाचताना मला तो म्हातारा फार आवडायचा. ड्यूमाने त्याला इटालियन करून टाकलं, म्हणून तो आपल्या कांदोळीचा आहे हे मला मास्तर झाल्यावर कळलं.

काळाने दिलेला निकाल

फारियांनंतर वीसेक वर्षांनी इंग्लंडमध्ये जेम्स ब्रेड या डॉक्टरने संमोहनाला आजचं इंग्रजी नाव दिलं आणि त्यानेही लक्ष एका ठिकाणी खिळण्यावरच बोट ठेवलं. पुढे फ्रान्सच्या नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या परिणामाने उपचार सुरू केले. बर्नहाइम यांनी फारियांचं श्रेय मान्य केलं. गोव्याचेच डॉक्टर दालगादो यांनी १९०६ साली फारियांचं चरित्र लिहिलं आणि त्यांचं विसरलेलं पुस्तक पुन्हा छापून आणलं.

आज विद्यापीठांत मेंदूचे प्राध्यापक यंत्रांतून मेंदू बघत हेच शोधतात. १९९७ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी स्वयंसेवकांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवला आणि संमोहनात त्यांना सांगितलं की याचा त्रास कमी वाटेल, किंवा जास्त वाटेल. पाणी तेवढंच गरम होतं, पण वेदनेचा त्रास जाणवण्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागाचं काम सूचनेप्रमाणे बदललं. म्हणजे ही माणसं नाटक करत नव्हती.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, १९८९ मध्ये छापलेला. कॉलेजात असताना ज्यांची संमोहनाची चाचणी घेतली होती, अशा ५० जणांची २५ वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली. तारुण्य जाऊन मध्यमवय आलं होतं, तरी ज्याला आधी लवकर झोप लागायची त्याला बहुतेक तशीच लागली आणि ज्याला लागत नव्हती त्याला लागली नाही. म्हणजे हा गुण झोपवणाऱ्याचा नाही, झोपणाऱ्याचा आहे आणि तो त्याच्याबरोबर आयुष्यभर राहतो. फारियांचं म्हणणं यापेक्षा वेगळं काय होतं?

वयाबरोबर लक्ष कुठे जातं, यावरही गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झालंय. तरुणांच्या मानाने वयस्कर माणसं वाईट चित्रांपेक्षा चांगल्या चित्रांकडे जास्त लक्ष देतात आणि चांगलंच जास्त आठवणीत ठेवतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं. घरातली दादी जुन्या दिवसांतल्या तंगीपेक्षा ईदच्या गमती जास्त सांगते, ते उगीच नाही.

आपल्या घरचा प्रश्न

कुणी म्हणेल, हा ख्रिस्ती पाद्री, याचं आपल्याला काय? तर आपल्या इब्न सिना यांच्याकडे बघा. फारियांच्या साडेसातशे वर्षं आधी त्यांनी अल-कानून लिहिलं. त्यात उदासीच्या आजाराबद्दल लिहिताना ते म्हणतात की काही वैद्यांना हे जिन्नांचं काम वाटतं. पण हकीमाला त्याच्याशी कर्तव्य नाही. जिन्नाने केलं असलं तरी त्याने शरीराचा मिजाज बिघडला, काळं पित्त वाढलं, तर इलाज त्या मिजाजाचा करायचा. काळ्या पित्ताची उपपत्ती आज कुणी मानत नाही, पण हकीमाने आजाराचा इलाज करावा ही शिस्त आजही तेवढीच खरी आहे. जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे, त्यावर आपलं ईमान आहे. पण प्रत्येक दुखणं जिन्नाच्या नावावर घालून आमिलाच्या हवाली करणं हा ईमानाचा भाग नाही.

दुआ मागणं, आयती पढून दम करणं एक गोष्ट आहे. त्याने मनाला सुकून मिळतो आणि कुणाचा खिसाही रिकामा होत नाही. पण मी हात वर केला की असर उतरतो असं सांगून जो पैसे घेतो, तो आपल्या हातात ताकद आहे असा दावा करतो. शिफा अल्लाहच्या हातात आहे असं मानणाऱ्या घराला हा दावा कसा पटतो? औषधोपचार करा ही तर आपल्या नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवण. आणि अशा नावाखाली लुबाडणूक, मारहाण करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो सगळ्या धर्मांच्या बुवाबाबांना सारखाच लागू आहे.

यात एक गोष्ट मात्र विसरू नये. झटका येणाऱ्या बाईला नाटकी म्हणणं हेही तितकंच चूक. ती सोंग करत नसते. तिचं दुःख खरं असतं, तिचं पडणंही खरं असतं. फक्त त्याचं कारण आमिलाच्या हातात नसून तिच्या दुखावलेल्या मनात असतं, किंवा कधी मेंदूच्या आजारातही असतं. कोणतं कारण आहे हे डॉक्टरच तपासून सांगू शकतो.

त्या अम्मीला शेवटी आम्ही दोघातिघांनी समजावून मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आधी फिटची तपासणी करून घेतली. मग तिला बसवून तासभर ऐकून घेतलं. नवरा गेल्यावर इद्दतमध्ये घर भरलेलं होतं, पण नंतर तिला कुणी विचारलंच नव्हतं की तू कशी आहेस. गोळ्या दिल्या, झोप सुधारली, दर पंधरा दिवसांनी बोलणं सुरू झालं. झटके एका दिवसात थांबले नाहीत. हळूहळू कमी झाले. आता ती पुन्हा मशीनवर बसते आणि पोरगा आयटीआयला आहे.

तुमच्या घरात, गल्लीत, कारखान्यात असं कुणी असेल तर सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागाची चौकशी करा. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि पुढच्या वेळी पणजीला गेलात तर आदिलशाहाच्या वाड्याशेजारी थांबून मुलांना तो पुतळा दाखवा. त्यांनी विचारलंच की हा जादूगार आहे का, तर सांगा, माझ्याकडे जादू नाही हे भर सभेत कबूल करणारा हा मास्तर होता.